अंगठ्याशेजारची जागा

बायको गेल्याचं कळलं तेव्हा बूटवाला एका बुटाच्या तळाला खिळे मारत होता. दवाखान्यातून फोन होता. त्याने तोंडात धरलेले खिळे हातावर काढले, सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला, खिळे परत तोंडात ठेवले आणि तो तळ पुरा केला. मगच दुकानाचं शटर ओढलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "त्यांना गाऊट होता. सांध्यात खडे साचतात, हाड पोखरतात, आणि कडेने वेडंवाकडं नवं हाडही वाढतं. मूळ दुखणं रक्तातलं. मूत्रपिंडांनाही तेच बाधलं, त्यातच त्या गेल्या. रक्त कधी तपासलं नव्हतं?"

नव्हतं. त्यांच्या घरात पाय दुखला की दवाखाना नाही, साचा आठवायचा. बायकोच्या पायाचा लाकडी साचा दुकानात होता. अंगठ्याशी उंचवटा आला, तेव्हा त्याने साच्यावर तेवढाच कातड्याचा तुकडा चिकटवला आणि त्यावर नवे बूट बेतले. उंचवटा वाढला की वर आणखी एक तुकडा. "हाड वाढलंय, दुसरं काय!" असं ती म्हणायची, तोही म्हणायचा. बूट लागेनासा झाला की दुखणं मिटलं, असं दोघांनीही धरून चालायचं.

दिवसकार्य उरकल्यावर मेहुणा लंगडत दुकानात आला. बूट काढून त्याने पाय समोरच्या स्टुलावर टाकला.

"दाजी, अंगठ्याशी जरा जागा करून द्या. बूट घातला की जीव जातो."

अंगठ्याचं पेर लाल होतं, हाताला गरम लागत होतं. शेजारी उंचवटा आला होता.

"आधी रक्त तपासून ये."

"हाडच ते! ताई म्हणायची ना, आमच्या घराण्यात हाडं वाढतात, अक्कल तेवढी वाढत नाही."

"ताई गेली."

मेहुण्याने पाय स्टुलावरून खाली घेतला. मग एकदम म्हणाला, "तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही आलं तिच्यासाठी. आणि माझ्या अंगठ्याचा एवढा कळवळा?"

"नाही आलं," बूटवाला म्हणाला. त्याने मेहुण्याचा बूट उचलून मागच्या फळीवर ठेवला. "रिपोर्ट दाखव, बूट घेऊन जा."

"ही अडवणूक झाली, दाजी!"

"झाली."

"मी काय एका पायाने घरी जाऊ?"

बूटवाल्याने बाकाखालची जुनी रबरी चप्पल पुढे सरकवली. एका पायात बूट, एका पायात चप्पल, असा मेहुणा शिव्या देत गेला.

दुसऱ्या दिवशी बूटवाल्याने फोन केला तर "सोमवारी जातो" म्हणाला. सोमवारी फोन केला तर उचलला नाही. मंगळवारी त्याच्या बायकोने उचलला. सूज उतरलीय, म्हणाली, आता ते कशाला जातायत?

मेहुण्याचं रक्त अजून तपासलेलं नाही.