बाद यादी

माझ्या डाव्या बाहीवर चिकटलेलं पीस अकरा मिलिमीटर लांब होतं. टेबलावरची पट्टी लावून मी ते मोजलं. देठाशी पांढरं, टोकाला पिवळसर. एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी लव.

मी पक्ष्यांना कधी हात लावत नाही. माझं काम चौथ्या मजल्यावर, टेबलाशी. देशात येणाऱ्या आणि देशाबाहेर जाणाऱ्या जिवंत पक्ष्यांचे भाव मी गोळा करते, तपासते आणि दर महिन्याला त्यांचा आलेख काढते. पीस आलं होतं ते ताईच्या कपड्यांवरून. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात राहतो, आमचे कपडे एकाच मशीनमध्ये धुतले जातात. ताई बंदरावरच्या तपासणी शेडमध्ये परदेशातून आलेल्या कोंबडीच्या पिल्लांचे खोके उतरवते.

पीस कागदात गुंडाळून मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात धुऊन आले. जागेवर बसले. पुन्हा उठून धुऊन आले.

"अहो बाई, किती धुवाल? हातावरच्या रेषा पुसल्या जातील," साहेब जाता जाता म्हणाले. आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे दशांश म्हणतात. टिंब एक घर इकडचं तिकडे झालं तर त्यांना जेवण गोड लागत नाही. माणूस वाईट नाही. उद्या त्यांना वरच्या बैठकीत सहामाही अहवाल मांडायचा होता आणि त्यातलं पहिलं वाक्य ते सकाळपासून मोठ्यानं वाचून बघत होते: 'पिल्लांच्या आयातीचे भाव स्थिर आहेत.'

ते वाक्य मीच लिहून दिलं होतं.

सकाळी ताईचा घसा बसला होता. मी थर्मामीटर लावला. सदतीस पूर्णांक आठ.

"याला काय ताप म्हणतात? माझा चहा याहून गरम असतो," ती म्हणाली, आणि गमबूट पिशवीत टाकून निघून गेली.

आता त्या भावांविषयी सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी मी एक नियम तयार केला. बंदरावर नोंद करणाऱ्यांच्या हातून चुका होतात, चाळीसचे चार होतात. म्हणून जो भाव सरासरीपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली असेल, तो चुकीचा धरायचा आणि आपोआप बाजूला काढायचा. ऑफिसात त्याला माझी गाळणी म्हणतात. गाळणीत अडकलेल्या नोंदी बाद यादीत जातात आणि ती यादी कुणी उघडत नाही. चाळणातला कोंडा कोण निवडत बसतं?

त्या पिसामुळे मी ती उघडली.

तीन आठवड्यांत सतरा नोंदी. सगळ्या एकाच परदेशी बंदराहून आलेल्या पिल्लांच्या. नेहमीचा भाव शंभर धरला तर चौसष्ट, एकसष्ट, अठ्ठावन्न. टंकनाची चूक कधी वर जाते, कधी खाली. सतराच्या सतरा वेळा खाली जात नाही.

मी इतर कारणं शोधली. जहाजाचं भाडं तेच होतं, चलनाचा दर तोच, खाद्याचा भाव उलट थोडा चढलेला. मग मी आपल्या निर्यातीचा भाव काढला. तो अठरा टक्क्यांनी वर गेला होता. पंचवीसच्या आत असल्यामुळे गाळणीतून सुखरूप उतरला होता. म्हणजे त्या बंदराची जुनी गिऱ्हाइकं तिथून घेणं बंद करून गुपचूप आपल्याकडून पिल्लं घेऊ लागली होती. दोन रेघा एका कागदावर काढल्या तेव्हा त्या कात्रीच्या पात्यांसारख्या उघडत गेल्या. चांगला माल पडेल भावात कोण विकतं? ज्याला माहीत असतं की थोड्या दिवसांनी तो फुकटही जाणार नाही.

हा आकार मी आधी एकदा पाहिला होता.

चार वर्षांपूर्वी पक्ष्यांची साथ आली तेव्हा शेडमधल्या एका बाईला तिची लागण झाली. उंच होती म्हणून सगळे तिला लंबू म्हणत. ताईच्या शेजारी उभी राहून ती खोके उतरवायची. नवव्या दिवशी ती गेली. तिचा आणि ताईचा पाय एकाच मापाचा. तिचे गमबूट ताई अजून घालते. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी बाद यादी उघडून पाहिली होती. साथ जाहीर होण्याच्या एकोणीस दिवस आधीपासून भाव पडलेला होता आणि माझ्या गाळणीनं तो नीट बाजूला काढून ठेवला होता.

तेव्हा मी यादी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. नियम बदलायचा तर एक अर्ज भरावा लागतो. त्यात 'बदलाचे कारण' असा रकाना आहे. तो अर्ज माझ्या खणात चार वर्षं कोरा पडला आहे.

दीड वाजता ताईची जेवणाची सुट्टी होते. मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"ताई, आज अर्धी रजा घे."

"का गं? घरात काही गळतंय?"

"तुला बरं नाहीये."

"घसा बसलाय. मी अजून उभी आहे."

"आजची गाडी कुठली?"

"आपली नेहमीची. तीन वाजता, बारा हजार पिल्लं." म्हणजे त्याच परदेशी बंदराचा माल. ती चावता चावता बोलत होती. "परवाच्या गाडीत मेलेली फार निघाली. खोक्यामागे चार-पाच. मुकादम म्हणाला, प्रवासात गुदमरली असतील."

माझा हात कठड्यावर होता. कठडा गार होता. "ती काढली कुणी?"

"मीच. आणखी कोण?"

"हातमोजे होते ना?"

"होते की. बोटं बाहेर आलीत तेवढीच." ती हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी मनातल्या मनात मोजत होते. बावीस सेकंद.

"ताई, तू निघ. आत्ता."

"काय झालंय तुला? मी निघाले तर माझ्या जागी ती नवीन लागलेली उतरवेल. तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. तिला काय सांगू, आमची धाकटी आकडे बघून घाबरली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लहानपणी पाल दिसली की तू मला पुढे करायचीस," ती म्हणाली. "आता पाल कुठे आहे तेवढं तरी सांग. चल, शिट्टी झाली." फोन बंद झाला.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी दोन रेघांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बघितला.

"बाजार आहे. भाव पडतात," ते म्हणाले.

"सतरा नोंदी आहेत, साहेब."

"मग अहवालात एकही कशी नाही?"

"गाळणीत अडकल्या."

त्यांनी पेनाच्या टोकानं एकेक ठिपका मोजला. सतराव्यावर पेन थांबलं. "हा नियम तुमचा आहे."

"हो."

"उद्या मला उभं राहून सांगायचंय की भाव स्थिर आहेत." त्यांचा आवाज खाली आला होता. "नुसत्या भावावरून गाडी अडवली आणि पिल्लं ठणठणीत निघाली तर? तुमची नोकरी जाईल, बाई. माझीही."

"आणि ठणठणीत नसली तर?"

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. शेडचं दार पावणेतीनला उघडतं. आता ताई गमबूट चढवत असेल, उजवा आधी, मग डावा. नवीन बाई तिच्याशेजारी उभी असेल.

साहेबांनी फोन उचलला. बंदराचा नंबर फिरवला, वाजू दिला आणि बोलण्याच्या बाजूवर तळहात ठेवला.

"ते कारण विचारतील. 'आम्हाला वाटतं' असं सांगून गाडी थांबत नाही. काय सांगू?"

पलीकडे कुणीतरी फोन घेतला. बारीक आवाजात "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. साहेबांनी तळहात काढला आणि रिसीव्हर माझ्यासमोर धरला.

"तीनची गाडी उतरवू नका," मी म्हणाले. "परवाच्या गाडीवर होते त्या सगळ्यांना वेगळं ठेवून तपासा. त्यात माझी बहीण आहे. मी तिच्याच घरात राहते, तेव्हा मलाही तपासा. कारण लिहून घ्या. मागच्या साथीच्या आधी एकोणीस दिवस भाव असाच पडला होता. माझ्या नियमानं तो बाद केला आणि हे मला चार वर्षं माहीत आहे."