डावखुऱ्याचं कुंपण

तीन भावांपैकी एकटा जेसी टॅपस्कॉट युद्धावरून परतला, तोही उजवा हात तिकडेच सोडून. थोरला रूबेन बोटीबरोबर समुद्रात गेला, त्याला कबरच नाही. मधल्या आबेलची होती, फ्रान्समध्ये. इंग्लंडातल्या सॉमरसेटबाहेर कधी पाऊल न टाकलेली आई जेसी परतल्यावर तीन वर्षांनी, ऐन फेब्रुवारीत म्हणाली, "मला घेऊन चल जेस. एकाला तरी भेटून येते."

पण कबरीपाशी ती फार थांबली नाही. लाकडी क्रूसावर नाव आणि नंबर, शेजारी तसलेच शेकडो.

"हे कुणाचंही असू शकतं," ती म्हणाली आणि वळली.

तिथला माळी पिम मूळचा लंडनचा. तो त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला निघाला. वाटेत जेसी एकदम थांबला.

"आई, हे कुंपण बघ."

"दिसतंय मला."

"झुकलंय कुठं ते बघ."

अशा जिवंत कुंपणासाठी काटेरी झाडाचा बुंधा मुळाशी अर्ध्याहून जास्त चिरायचा, तिरका निजवायचा आणि खुंट्यांमधून विणायचा. तो मरत नाही, वसंतात जोमानं फुटतो. बापानं तिघांनाही हे काम शिकवलं होतं. आबेल एकटा डावखुरा, त्यामुळे त्याचं कुंपण उलटं झुकायचं. "तुझं काम बघून मेंढ्यांना चक्कर येते," असं बाप चिडवायचा.

इथे कोयत्याचे वार रस्त्याच्या बाजूनं होते, आणि तरीही सगळं कुंपण आबेलच्या कुंपणासारखं उलटं झुकलेलं.

पुढे एक पन्नाशीची शेतकरीण कोयता चालवत होती. पिमनं तिला विचारलं आणि तिचं बोलणं ऐकून त्याचा आवाज खाली आला.

"एकोणीसशे सोळाच्या हिवाळ्यात पलटण इथं विश्रांतीला होती, म्हणते. एक इंग्रज रोज दुपारी यायचा, हिचाच कोयता मागून घ्यायचा. झाडं तोडतोय म्हणून सासऱ्यानं त्याला शिव्या घातल्या. पालवी फुटली तेव्हा तो पुढे निघून गेला होता. नंतर तोफांनी अर्धं गाव पाडलं. हे उभं राहिलं."

"केवढं केलं त्यानं?" जेसीनं विचारलं.

"त्या विहिरीपर्यंत."

पण कुंपण विहिरीच्या कितीतरी पुढे, थेट ओढ्यापर्यंत गेलं होतं, सगळं एकाच झुकावात.

"पुढचं हिनं केलंय," पिम म्हणाला. "दर हिवाळ्यात थोडं थोडं. त्याचं बघून शिकली."

बाईच्या उजव्या हातात कोयता होता. तो झुकाव साधायला ती कुंपणालगतच्या चरात कंबर पिळवटून उभी होती.

"तिला सांगा, पलीकडून उभं राहिलं की उजव्या हाताला सोपं जातं," जेसी म्हणाला.

पिमनं सांगितलं. बाई गोंधळून जेसीकडे बघू लागली.

"ती म्हणते, असंच करतात ना? त्यानं असंच केलं होतं."

आबेलला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्याचा डावा हात एका परक्या बाईच्या उजव्या हातातून अजून काम करत होता.

"राहू दे तिला तसंच," आई म्हणाली. तिनं हातमोजा काढून एका बुंध्यावर तळवा टेकला. मग पिमला म्हणाली, "विचारा हिला, त्याला खायला काय द्यायची?"

"सूप. पण कांदा बाजूला काढायचा, म्हणते."

"काढणारच," आई म्हणाली आणि चराच्या काठावर बसली. "लहानपणापासनं काढायचा."

गाडी केव्हाच निघून गेली होती.