दोन नंबर मोठा

मित्रांनो, विजेची जाड केबल लोखंडी पेटीत जिथे शिरते, तिथे भोकापाशी पितळेची एक जाडजूड, आट्यांची नळी बसवलेली असते. तीच मी. मला केबल ग्लँड म्हणतात. माझ्या पोटात रबराची कडी असते. ती केबलला चारही बाजूंनी बिलगली की पाणी आत जात नाही. केबलवरच्या लोखंडी तारांचे वेष्टनही मीच आवळून धरतो, म्हणजे पेटीत चुकून उतरलेली वीज जमिनीत निघून जाते. पण त्यासाठी माझे आणि केबलचे माप जुळायला हवे. एवढी साधी गोष्ट न पाळल्यामुळे जे घडले, ते आठवले की आजही माझा संताप होतो.

पनवेलच्या एका दुकानात मी सहा महिने बरणीत पडून होतो. एके सकाळी मिथुन नावाचा इलेक्ट्रिशियन आला.

"केबल बाहेरून किती जाड आहे?" दुकानातल्या प्राचीताईंनी विचारले.

"चार कोअरची आहे."

"आतल्या तारा नका सांगू, बाहेरची जाडी सांगा. नाहीतर तुकडा आणा, पाच मिनिटांत मापून देते."

"एवढ्या ट्रॅफिकमधून परत कोण जाणार, ताई? मोठाच द्या. मोठ्यात कुठलीही केबल जाते."

जाते, मित्रांनो. जाते तशी निसटतेही. पण पितळेला तोंड नसते.

मिथुनने मला खाडीकाठच्या शेडमध्ये नेले. तिथे मोहसीनभाईंची मासळी बर्फात भरून पुढे न्हावा शेव्याच्या बंदरात जात असे. बर्फ फोडण्याच्या यंत्राच्या पेटीला त्याने मला जोडले. केबल माझ्यापेक्षा दोन नंबर बारीक निघाली. मग त्याने तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचे वेढे दिले, तिला फुगवून माझ्यात कोंबले आणि नट आवळला. "झालं फिट," तो म्हणाला.

मी जीव तोडून आवळत होतो, पण हाती लागत होती नुसती चिकटपट्टी. लोखंडी तारा तर माझ्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. तिथे दिवसभर खारे पाणी उडे, यंत्र थरथरे. दोन महिन्यांत चिकटपट्टी सुटली, केबल खाली लोंबू लागली आणि पेटीच्या धारेवर घासू लागली. मला सगळे कळत होते आणि काहीच करता येत नव्हते.

यंत्राचे बटण दाबायचे काम शांतीमावशींचे. त्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून येत. एकदा त्या मिथुनला म्हणाल्या, "पेटीला हात लावला का मुंग्या येतान रं."

"ओले हात लावता, मावशी. पुसून लावा."

त्यांनी तीन वेळा सांगितले. तिन्ही वेळा मिथुनने पेटी न उघडता बाहेरून माझा नट पिळला. "हा ग्लँडच फालतू आहे," असे तो मोहसीनभाईंना सांगून गेला. मोहसीनभाई म्हणाले, "मशीन बंद ठेवली तर माल सडेल. चालू दे सध्या." फालतू म्हणे! मला कुणी मापले होते का?

मग एका दुपारी मावशींचा हात पेटीला चिकटला तो सुटेचना. त्यांच्या तोंडून आवाजही निघाला नाही. मोहसीनभाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा त्या ओल्या फरशीवर कोसळल्या. त्यांना उचलून दवाखान्यात नेले. शेड रिकामी झाली. बर्फ वितळत राहिला आणि मी त्या निसटत्या केबलवर तसाच अडकून राहिलो. आपल्यामुळे माणूस गेले की काय, हे मला दोन दिवस कळले नाही.

तिसऱ्या दिवशी मोहसीनभाईंची भाची रुमाना आली. ती कंटेनर यार्डात इलेक्ट्रिशियन आहे. तिने आधी मेन बंद असल्याची खात्री केली, मग मला खोलले. खिशातून मापपट्टी काढून तिने केबलची बाहेरची जाडी मोजली, वेष्टनाच्या आतली जाडी मोजली आणि दोन्ही आकडे कागदावर लिहिले.

"मामू, केबल घासून उघडी पडली आहे. आणि वेष्टन ग्लँडने धरलंच नव्हतं, म्हणून अर्थिंगही तुटलं. खुदाची मेहेरबानी म्हणा, मावशी वाचल्या."

नवी केबल आली. तिच्या मापाचा नवा ग्लँड आला आणि तो एका दमात घट्ट बसला. मी जमिनीवरून बघत होतो. मला हेवा वाटला, हे खरे सांगतो.

पंधरा दिवसांनी शांतीमावशी आल्या, हाताला पट्टी होती. मिथुनही तिथे होता. रुमानाने मला मावशींच्या चांगल्या हातावर ठेवले.

"एवराच हाय तो? ह्यो खराब व्हता का?"

"नाही, मावशी. हा चांगला आहे. दोन नंबर मोठा होता."

मावशी मिथुनकडे वळल्या. "मी तुला तीन डाव सांगितलं."

"मी मोजलंच नाही, मावशी," तो म्हणाला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी विजेचे काम शिकाल. मला निवडण्याआधी केबल बाहेरून मोजा, अंदाजाने उचलू नका. आणि पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात असे कुणी म्हणाले, तर त्याला हात पुसायला सांगू नका. आधी वीज बंद करा.