ससाण्याचं पुढे काय झालं

पिंजरेवाल्याने पकडीने तार वळवली आणि छताकडे बघत तोंड वाकडं केलं. वर माडीवर भाड्याने राहणाऱ्या उस्तादांची बैठक सुरू झाली होती.

"देह म्हणजे पिंजरा, आत्मा म्हणजे पाखरू. पाखराला पिंजरा कधी घर वाटतो का?"

"घ्या! झाला आमचा उद्धार सुरू," तो बायकोला म्हणाला. "माझ्याच माडीवर बसून माझ्याच धंद्याला नावं ठेवायची."

"ऐकता कशाला मग?"

"ऐकतंय कोण? कानांना काय झाकणं असतात?"

ती हसली आणि पदराला हात पुसत वर गेली. जुन्या सूफी कथांमधली पाखरं उस्ताद दर आठवड्याला उलगडून सांगत. ऐकायला माणसं तीन. पिंजरेवाल्याची बायको, पाय दुखतात म्हणून टेकायला येणारी एक नर्स आणि बसल्या बसल्या घोरणारा म्हातारा शिंपी. आजची बैठक शेवटची होती. "भिंतींना किती दिवस सांगू?" असं म्हणून उस्तादांनी मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं होतं. गाडी संध्याकाळची होती.

जाताना नातीच्या पोपटासाठी पिंजरा मात्र त्यांनी इथेच सांगितला होता. "जन्मभर शिव्या घातल्यात, शेवटी आलात ना माझ्याच पायरीशी?" असं पिंजरेवाल्याने त्यांना ऐकवलंही होतं. पण तेव्हापासून त्याला करमत नव्हतं. उस्ताद जाणार याचं त्याला वाईट वाटत होतं आणि ते बोलून दाखवायची सवय त्याला नव्हती. म्हणून त्याने सगळा जीव पिंजऱ्यात ओतला. पितळी तार, वर गोल घुमट, आत गुळगुळीत घासलेली दांडी. दार नेहमीप्रमाणे शेवटी बसवायचं, म्हणून ते समोरच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं.

"राजाच्या मनगटावरचा एक ससाणा," वरून आवाज आला, "वाट चुकून कोंबड्यांच्या खुराड्यात उतरला. दाणे टिपू लागला. होता होता आपण कोण हेच विसरला. उंच उडायची बात काढली की कोंबड्या त्याला हसायच्या, मग तोही हसायचा. एके दिवशी लांबून राजाची शीळ आली. ससाण्याने मान वर केली..."

पिंजरेवाल्याचा हात तारेवरच थांबला.

वर शिंपी मोठ्याने घोरला. नर्स खुदकन हसली.

"असू दे," उस्ताद म्हणाले. "पुरे झालं आता."

पिंजरेवाला तसाच वर बघत राहिला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली, तसा तो भानावर आला आणि घाईघाईने पिंजऱ्यावरून फडका फिरवू लागला.

उस्ताद हातात बोचकं घेऊन खाली आले. त्यांनी पिंजरा उचलला, उजेडाला धरला, घुमटावरून बोट फिरवलं.

"सुरेख झालाय हो," ते म्हणाले. मग त्यांनी तो एकदा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. "पण याचं दार कुठाय?"

पिंजरेवाल्याने खिळ्याकडे पाहिलं. दार तिथेच लटकत होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. उभ्या आयुष्यात त्याने बिनदाराचा पिंजरा गिऱ्हाइकाच्या हातात दिला नव्हता.

उस्तादांच्या मागोमाग बायको उतरली होती. तिने पिंजऱ्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं.

"झाकणं नसतात ना कानांना," ती हळूच म्हणाली.

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पिंजरेवाला खाली बघून पकड पुसत बसला. ती स्वच्छच होती.

"त्या ससाण्याचं पुढे काय झालं?" त्याने मान वर न करता विचारलं. "गेला का परत?"

उस्तादांनी पिंजरा अलगद खाली ठेवला. मग त्यांनी बोचकं जमिनीवर ठेवलं.

"लांबलचक आहे हो ती गोष्ट. गाडी चुकेल माझी."

"मुलीला कळवून टाका," पिंजरेवाला म्हणाला. त्याने खिळ्यावरचं दार काढून आपल्या मांडीखाली सारलं. "पिंजऱ्याला अजून पुष्कळ दिवस लागतील. दाराचं काम फार किचकट असतं."

उस्तादांनी स्टूल पुढे ओढलं. बायकोने बोचकं उचललं आणि ती जिना चढू लागली.