मग पोचतीलच इतक्यात

भावाच्या शब्दावर विसंबू नये, एवढं तरी ताईला पासष्ट वर्षांत कळायला हवं होतं. इतरांच्या बाबतीत ती काही भोळी नव्हती. भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत म्हटलं की आधी देठ बघणारी बाई ती. पण धाकटा भाऊ समोर येऊन "ताई, तुझी शपथ" म्हणाला की हिची अक्कल गेली गवत खायला! तसंच झालं. पंधरा दिवसांपूर्वी तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसला, शपथ घेऊन गेला, आणि ही बया खरं मानून बसली.

घरात तो बारक्या. बाहेर बारकेराव. नाव बारकेराव आणि वजन शंभर किलो, हा त्याचा स्वतःचाच विनोद, आणि लोक त्यालाही हसायचे. चाळीस वर्षं एकटा माणूस दोन-दोन तास स्टेजवर उभा राहून हसवत होता. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्याने निरोपाचे पाच प्रयोग लावले होते. सोबत त्याच्याच वयाचे, काही त्याच्याहून जुने कलावंत. आणि शेवटी, अर्थातच, त्याचा 'ताईचा फोन'.

'ताईचा फोन' हा कार्यक्रम कोणाला माहीत नव्हता? डोक्याला दोन रिबिनी बांधून बारकेराव बारा वर्षांची ताई व्हायचा. डोळा तिरका, कान बहिरा, हातात फोन. पलीकडून दवाखाना सांगतोय, "तुमचे वडील गेले."

"गेले? कधी गेले?"

"चार वाजता."

"कसे गेले?"

"शांतपणे."

"हो, बाबांना गर्दीत जायला आवडतच नाही. बरोबर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"अहो, मग पोचतीलच इतक्यात!"

इथे लोक खुर्चीतून पडायचे. पुढे ताईची आई चांगले कपडे काढून नेसते, केस विंचरते, पावडर लावते, ताट मांडते आणि वाट बघत बसते. तिथे तेच लोक रुमाल काढायचे. हसवता हसवता रडवतो, असं पेपरात छापून यायचं. मग रस्त्यात कोणीही उठून ताईला विचारायचं, "काय ताई, पोचले का?" ज्यांचा हिच्याशी काडीचा संबंध नाही, अशी माणसंही तिला ताईच म्हणायची. स्वतःच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलंच नव्हतं.

गोष्ट खरी होती. एवढंच, की तो फोन ताईने घेतला नव्हता. बारक्याने घेतला होता.

त्यांच्या घरी फोन नव्हता. खाली बेकरीत होता. बेकरीवाल्याने हाक मारली तेव्हा ताई वर आईला चादरी पिळू लागत होती. बेकरी म्हटल्यावर बारक्या दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला. नऊ वर्षांचा पोर. वर आला तो बिस्कीट चघळतच. "आई, बाबा दवाखान्यातून गेले! चार वाजताच गेले. पोचतीलच इतक्यात." अडीच तासांनी काका आले, मागे चार माणसं. त्यांनी दार उघडं पाहिलं, मांडलेलं ताट पाहिलं आणि पावडर लावून हसत उभी असलेली आई पाहिली. काका ओरडले, "फोन कोणी घेतला होता?" बारक्या ताईच्या मागे लपला, आणि त्याची चड्डी ओली झाली ती तिच्या पायाला लागली. ताई म्हणाली, "मी."

थप्पड बसली ती बसली. थप्पड काय, सकाळपर्यंत उतरते. पण आईने त्या क्षणी जे पाहिलं तिच्याकडे, ते काही उतरलं नाही. सगळ्या गल्लीने बाईला नवरा मेल्याच्या दिवशी नटलेलं पाहिलं होतं, आणि ते ह्या पोरीमुळे. मरेपर्यंत आईने हिच्याकडून एक निरोप घेतला नाही. "तू राहू दे, तुला ऐकू येत नाही," एवढंच. ताई तरी कधी बोलली नाही. भाऊ लहान होता, मग शिकत होता, मग धडपडत होता. आणि मग आईच गेली.

आता गंमत बघा. ही 'ऐकू न येणारी' ताई मोठी होऊन टेलिफोन ऑपरेटर झाली. मोठ्या दवाखान्याच्या स्विचबोर्डवर चौतीस वर्षं. प्रत्येक निरोप लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, समोरच्याकडून 'बरोबर' म्हणवून घ्यायचं. नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची वेळ आली की इतर मुली "गेले हो" म्हणायच्या. ताईने चौतीस वर्षांत तो शब्द एकदाही वापरला नाही. "मृत्यू झाला आहे," असं ती सांगायची. नव्या मुली म्हणायच्या, ताई किती कोरडं बोलतात. बोलू द्या.

बारक्याने 'ताईचा फोन' पहिल्यांदा केला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि खिशात दमडी नव्हती. "ताई, एकदाच करतो गं," म्हणाला. त्या एकदाचे हजार प्रयोग झाले. वीस वर्षं ती त्याच्या एकाही कार्यक्रमाला गेली नव्हती.

म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघरात तिने एकच मागणं मागितलं. "आई राहिली नाही. काका राहिले नाहीत. मावशी तेवढी आहे, अठ्ठ्याऐंशीची. तिला अजून वाटतं मीच आईला नटवून बसवलं. तिच्यासमोर एकदा खरं सांग. बस्स."

बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्याच प्रयोगाला सांगतो. स्टेजवरून सांगतो, सगळ्यांसमोर. मावशीला घेऊन ये. तुझी शपथ."

तर दुपारी साडेतीनला ताई मावशीला धरून नाट्यगृहात शिरली. दुसरी रांग, कडेच्या खुर्च्या. मावशीचे गुडघे गेलेले, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत.

"काय गं हा गारठा! आत माणसं ठेवलीत की बटाटे?"

"एसी आहे, मावशी. शाल घे."

"घेते. आणि तू कशाला इतकी थरथरतेयस? तुझं काय लग्न आहे?"

पहिल्या भागात एक एकोणऐंशी वर्षांची गायिका आली. पियानोवाल्याचा खांदा धरून चालत आली, उभी राहिली आणि गायली. आवाज थोडा चिरका झाला होता, पण सूर पक्का. दुसऱ्या कडव्याला शब्द विसरली. थांबली. तर सगळं नाट्यगृह गायला लागलं! शेवटपर्यंत तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला येतंय तर मला कशाला बोलावलंत?" लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग एका म्हाताऱ्या नटाने खुर्चीत बसूनच एका बापाचा प्रवेश केला, आणि मावशीने ताईचा हात घट्ट धरला. ताईला फार बरं वाटलं. म्हातारपणी माणसं स्टेजवर खोटं बोलून थकत असतील, असं तिच्या मनात आलं. मध्यंतरात तिने दोघींसाठी कॉफी आणली आणि स्वतःची तशीच गार होऊ दिली.

दुसरा भाग बारकेरावचा. आला तोच टाळ्यांत. गुडघ्यांवर बोलला, डॉक्टरांवर बोलला, स्वतःच्या पोटावर बोलला. खोटं कशाला सांगा, भारी करायचा तो. ताईसुद्धा दोनदा खुदकन हसली. मग त्याने खिशातून रिबिनी काढल्या आणि डोक्याला बांधल्या.

'आता बदलेल,' ताईने स्वतःला सांगितलं. 'आता रिबिनी काढेल आणि म्हणेल, हा मी होतो.'

"गेले? कधी गेले?"

लोक हसले. रिबिनी जागच्या जागी होत्या.

"मग पोचतीलच इतक्यात!" हे तर अख्ख्या नाट्यगृहाने त्याच्याबरोबर म्हटलं. मावशीनेही म्हटलं. मग आई नटली, ताट मांडलं, काका आले, थप्पड बसली. थप्पड त्याने स्वतःच्या गालावर मारून घेतली आणि ताईच्या आवाजात रडला. शेजारची बाई हुंदके देत होती. ताई खुर्चीच्या हातांना धरून बसली होती. शेवटी तरी सांगेल. शपथ घेतली आहे.

टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला. मग हात वर करून म्हणाला, "मंडळी, ती ताई आज इथे बसलीय." प्रकाशाचा झोत फिरत फिरत येऊन तिच्या तोंडावर पडला. "ताई, चाळीस वर्षं तुझ्या एका चुकीवर या भावाने पोट भरलं. आज सगळ्यांसमोर तुझे पाय धरतो."

तुझ्या चुकीवर! ताईचे कान गरम झाले. सगळ्यांसमोर खरं सांगतो म्हणाला होता, आणि सगळ्यांसमोर शिक्का मारून मोकळा झाला. कोणीतरी तिच्या हातात माइक दिला. ती उठली. चौतीस वर्षं ज्या आवाजात निरोप दिले, त्याच स्वच्छ आवाजात तिने सांगितलं, "फोन मी घेतला नव्हता. यानेच घेतला होता. मी वर आईपाशी होते. मार तेवढा मी खाल्ला."

तिने बारक्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिला दिसला, नक्की दिसला. एक शब्द पुरला असता. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो?

बारकेरावने कानाला हात लावला, डोळा तिरका केला आणि ताईच्याच आवाजात ओरडला, "काय म्हणालात? ऐकू येत नाही हो, लाइन खराब आहे!"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. लोक उभे राहिले, शिट्ट्या मारल्या, मागून कोणी ओरडलं, "वा ताई!" त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा ताईच्या नावावर जमा झाला. मावशी पदराने डोळे पुसत होती, हसून हसून.

"काय गं लबाडांनो," ती म्हणाली, "घरी तालीम केली होती का दोघांनी?"

ताई माइक धरून तशीच उभी होती. शेवटी कोणीतरी तो काढून घेतला.

मेकअपच्या खोलीत बारक्या गळ्यात टॉवेल अडकवून गालाला कोल्ड क्रीम चोळत होता. ताईने मावशीला खुर्चीत बसवलं आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "शपथ घेतली होतीस."

"अगं, सांगणारच होतो. पण रंगलेलं बघितलंस ना? तिथे सांगितलं असतं तर सगळं पडलं असतं. लोक तिकीट काढून रडायला येतात, चौकशी करायला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगू? मी आठवायला बसलो तर मला बेकरीत तूच उभी दिसतेस. रिबिनी बांधलेली. माझी नाही गं लबाडी. तसंच दिसतं."

हे खरं की हाही अभिनय, ताईला कळेना. ज्याची चड्डी तिच्या पायाला ओली लागली होती, तो तिला सांगत होता की तिथे तो नव्हताच. मेल्या, मी आई घालवली तुझ्यापायी, असं तिच्या ओठांवर आलं. पण मावशी समोर होती.

"बरं," ती म्हणाली. "लोकांना नको सांगूस. ही मावशी. एकटी. हिला सांग. आत्ता."

"काय सांगायचंय रे?" मावशीने विचारलं.

बारक्या उठला. मावशीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, त्या दिवशी..." त्याचा आवाज फाटला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. हा बारकेराव नव्हता, बारक्या होता.

तेवढ्यात दार उघडलं. संयोजक आणि चार-पाच माणसं फुलं घेऊन दारात उभी राहिली. आत काहीतरी चाललंय म्हणून आदराने गप्प राहिली. पाच माणसं, गप्प, आणि त्याच्याकडे बघणारी. बारक्याची मान वळली. ताईने ते पाहिलं आणि तिला पुढचं सगळं आधीच कळलं.

"त्या दिवशी, मावशी," तो म्हणाला, आणि डोळा तिरका झाला, "बाबा चार वाजता निघाले ते अजून पोचायचेत!"

दारातली माणसं खो खो हसली. मावशीही हसली. मग तिने ताईला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस हो. लहान होतीस. मी तुला केव्हाच माफ केलंय."

ताईने मावशीची शाल नीट केली. तिला उठवलं, काठी हातात दिली.

"ताई, उद्याच्या प्रयोगाला यायचं हं!" संयोजक म्हणाले. "तो माइकचा भाग ठेवायचाच. काय टायमिंग आहे!"

बारक्या तिच्याकडे बघत होता. नको म्हण, असं त्याला वाटत होतं, की हो म्हण, देव जाणे.

"आजपासून तुला बहीण नाही," ताई त्याला म्हणाली. "उद्यासाठी दुसरी शोध."

पुन्हा हशा झाला. एकाने तर टाळीसुद्धा वाजवली. बारक्या तेवढा हसला नाही. तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला, आणि त्याला हात द्यायला कोणी पुढे आलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं, अजून चाललंय.