समतोलापुरते बाबा

“सोळाव्या वर्षी माणसाला अक्कल नसते, असं धरून चालू. मग ती येते कधी? आणि सत्तरीपर्यंत आलीच नाही, तर मतदानाचा हक्क काढून घेता का?”

हा प्रश्न माझा नाही, माझ्या मैत्रिणींचा, सान्वी आणि मेगनचा आहे. मूळ प्रश्नात दोन शिव्या होत्या आणि मेगनच्या आजोबांचं पूर्ण नाव होतं, ते मी गाळलं. पैज अशी होती की हा प्रश्न शनिवारी सकाळी रेडिओवर लाइव्ह विचारायचा, नाहीतर सोमवारी असेंब्लीत हेडमिस्ट्रेसना मिठी मारायची. मी रेडिओ निवडला.

गेल्या वर्षीची इरावती दोन्हीतलं काही करू शकली नसती. वर्गात हात वर करताना मी दुसऱ्या हाताने कोपर धरून ठेवायचे, म्हणजे सरांनी पाहिलं तर खाज सुटली होती असं म्हणता येईल. मग या वर्षी सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या, डिबेटमध्ये मला कुणीतरी ढकललं आणि लक्षात आलं की आपण बोलायला लागलो की लोक चक्क गप्प बसतात. या गोष्टीची चटक लागते. कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

तर रेडिओ. लंडनजवळच्या आमच्या रीडिंग गावात ‘बिस्किट टॉक’ नावाचं एक छोटं स्टेशन आहे. गावात एके काळी बिस्किटांचा मोठा कारखाना होता, त्यावरून नाव. आता बिस्किटं गेली आणि बडबड उरली. शनिवारी सकाळी तिथे ग्रॅहम नावाचा माणूस दोन तास ओरडतो आणि लोक फोन करून त्याच्यावर ओरडतात. त्या दिवशीचा विषय होता, सोळा वर्षांच्या मुलांना मतदान करू द्यायचं सरकारने ठरवलंय ते बरोबर की चूक.

मी सान्वीच्या पलंगावर मांडी घालून बसले आणि फोन लावला. ग्वेन नावाच्या प्रोड्यूसर बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं एमिली, राहणार शेजारचं स्लाऊ. घाबरून नाही, उगाच.

“बाजूने की विरोधात?” ग्वेनने विचारलं.

“बाजूने.”

“अरेरे,” ती म्हणाली. “बाजूने बोलणारे ढिगाने आहेत गं. विरोधात बोलशील का?”

“पण मी सोळा वर्षांची आहे.”

“तेच तर मस्त वाटेल.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ऑफकॉम नावाची कायद्याने बसवलेली एक संस्था आहे. राजकीय वादाच्या विषयावर एकच बाजू वाजवत बसलात, तर ती रेडिओवाल्यांचा कान धरते. ग्रॅहमने स्वतःचं मत घसा फोडून सांगितलं तरी चालतं, पण दुसरी बाजूही नीट ऐकू यायला हवी. घड्याळ लावून निम्मं-निम्मं नाही, योग्य तेवढी. योग्य म्हणजे किती, हे ज्याला दंडाची जास्त भीती तो ठरवतो. बिस्किट टॉकमध्ये तो ‘तो’ म्हणजे ग्वेन.

“नको, मी बाजूनेच बोलते,” मी म्हटलं.

“ठीक आहे,” ती उसासून म्हणाली. “विरोधासाठी मी माझा नेहमीचा माणूस आणते.”

आणि मी ऑन एअर गेले. प्रश्न विचारला. ग्रॅहम इतका हसला की खोकला. मेगन उशीत तोंड खुपसून लोळत होती. पैज संपली होती, मी फोन ठेवायला हवा होता. पण ग्रॅहम म्हणाला, “एमिली, लाइनवर थांब. आपले जुने मित्र आलेत. सॅम, फ्रॉम रीडिंग.”

सॅमने आधी घसा खाकरला. मग म्हणाला, “गुड मॉर्निंग ग्रॅहम. माझे तीन मुद्दे आहेत.”

तीन मुद्दे. आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी तीन मुद्दे असतात.  इंग्लिश जरा जास्त गोलमटोल होतं, पण घसा तोच होता. माझे बाबा, संजय, दर शनिवारी सकाळी गाडी धुवायला जातात. आमची गाडी कायम घाण असते, याचा कुणी विचारच केला नव्हता.

“माझी स्वतःची मुलगी सोळा वर्षांची आहे,” सॅम म्हणाला. “गुणी आहे. पण गेल्याच आठवड्यात तिने पिझ्झा खोक्यासकट ओव्हनमध्ये घातला. ग्रॅहम, जी मुलगी खोकं भाजते, तिच्या हातात मी देश देऊ?”

ग्रॅहम टेबलावर हात आपटत होता. सान्वी माझ्याकडे बघत होती, कारण त्या पिझ्झाला ती हजर होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मतदानाचं काही पडलं नव्हतं. बाबा माझ्याबद्दल असा विचार करतात, हे मला अख्ख्या रीडिंगबरोबर कळत होतं. डिबेटमध्ये जिंकले तेव्हा यांनीच मला खांद्यावर थोपटलं होतं.

“सॅम,” मी म्हटलं, “ती मुलगी तेव्हा फोनवर होती ना? आणि पलीकडून तिचे बाबा तिला फिजिक्सचे पेपर्स कुठे आहेत ते विचारत होते ना? सलग वीस मिनिटं?”

 मग सॅम फ्रॉम रीडिंग मराठीत म्हणाला, “इरा? अगं तू?”

“काय म्हणालास, सॅम?” ग्रॅहमने विचारलं.

“काही नाही. खोकला.”

“सॅम, मला एकच सांगा,” मी म्हटलं.  “बाकीच्या मुलांचं राहू दे. तुमच्या मुलीने मतदान करावं की नाही? तुमचं स्वतःचं मत काय?”

सॅमने घसा खाकरला. एकदा, दोनदा. मुद्दा आला नाही. तेवढ्यात ग्रॅहमने एम-फोर हायवेवर ट्रक बंद पडल्याची बातमी घेतली आणि आम्हा दोघांनाही कापलं.

पलीकडच्या खोलीतून सान्वीची आई, अर्चना काकू, दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात रेडिओ होता. “अगं,” ती म्हणाली, “तो संजय होता?” म्हणजे मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारच्या जेवणाआधी बातमी पोचणार, हे पक्कं झालं.

संध्याकाळी बाबा फिश अँड चिप्स घेऊन आले. न मागता. चिप्सवर टाकायला आईने ठेचा काढून ठेवला होता, पण बरणी तिने स्वतःच्या बाजूला ठेवली होती. आई रॉयल बर्कशर हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. माणसं बेशुद्ध करायची तिला सवय आहे, पण त्या संध्याकाळी तिला बाबा पूर्ण शुद्धीत हवे होते.

“किती दिवस सॅम आहेस?” आईने विचारलं.

“दोन वर्षं होतील,” बाबा म्हणाले. “सुप्रभा, त्यात काही वाईट नाही. ग्वेनला एखादी बाजू कमी पडली की ती मेसेज करते. मी कॉलेजात वादविवादाच्या ढाली आणलेला माणूस. कुठल्याही बाजूने बोलू शकतो. ही एक कला आहे.”

“कुठल्याही?”

“सायकल लेनच्या बाजूने बोललोय, विरोधात बोललोय. दोन्ही वेळा लोकांना पटलं.”

आईने ठेच्याचा चमचा खाली ठेवला. “डॉक्टरांच्या संपावर कुठल्या बाजूला होतास?”

बाबांनी चिपचे दोन तुकडे केले. “कुठल्या आठवड्यात?”

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. चिप नाकात गेली.

“हसू नकोस,” आई मला म्हणाली, पण तिचाही ओठ हलला होता. मग बाबांकडे वळून, “मी थंडीत बोर्ड घेऊन गेटवर उभ्या असलेल्या ज्युनिअर्सना चहा नेऊन देत होते, आणि तू गाडीत बसून त्यांना हावरट म्हणत होतास?”

“हावरट म्हणालो नाही. ‘अवास्तव’ म्हणालो. आणि पुढच्या शनिवारी परत घेतलं. अगं, नियमच आहे तसा. दुसरी बाजू यायलाच हवी. मी नसतो तर ग्रॅहम एकटा बोलला असता. लोकशाहीसाठी वाईट.”

“बाबा, मी वाचला नियम,” मी म्हटलं. दुपारभर तेच केलं होतं, फिजिक्स सोडून. “दुसरी बाजू ऐकू यावी असं लिहिलंय. ती बाजू भाड्याने आणावी असं कुठेच नाही. ज्यांना खरंच वाटतं की मला मतदान नको, त्यांनी बोलावं ना. ते असतील की. मेगनचे आजोबाच आहेत. तुम्ही त्यांची जागा अडवून बसलात.”

“भाडं कोण देतं? फुकट करतो मी.”

“मग तर आणखीच वाईट.”

“पॉइंट आहे तिचा,” आई म्हणाली आणि ठेच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. ग्वेन होती. बाबांनी सवयीने स्पीकरवर घेतलं. सकाळचा भाग लोकांना बेहद्द आवडला होता म्हणे. एमिली ही सॅमची मुलगी आहे, हे तिलाही कळलं होतं, कसं ते विचारू नका. दर शनिवारी दोघं येणार का, असं ती विचारत होती. एका घरात दोन बाजू, म्हणजे तिचं अर्धं काम कमी. उद्यापर्यंत कळवा.

बाबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाईट वाटलं.

“इरा, विचार कर,” ते म्हणाले. “बापलेक. एका आठवड्यात तू बाजूने, मी विरोधात. पुढच्या आठवड्यात उलट. नाणं उडवू. तुला इतकं छान बोलता येतं, आज ऐकलं मी. माझे तीन मुद्दे आहेत. एक...”

“बाबा, आधी सकाळचं उत्तर द्या.”

“कुठलं?”

“अहो बाबा. तुम्हाला माहितीये कुठलं.”

त्यांनी एक चिप उचलली, परत ठेवली. घसा खाकरला नाही. 

“खरं सांगू?” ते म्हणाले. “मला माहीत नाही. म्हणजे मी ठरवलंच नाही कधी. ग्वेनचा मेसेज आला ‘विरोधात’, मी मुद्दे काढले, गाडीत बसलो. सायकल लेनचंही माहीत नाही मला. संपाचंही. सॅमला सगळं माहीत असतं.” मग चिप्स बाजूला सारून, “पिझ्झाचं मी बोलायला नको होतं. तू विचारलंस तेव्हा मी आत शोधत होतो, माझं काय मत आहे ते. आणि हाताला काही लागेना.”

 आईने त्यांच्या पानात मासा वाढला. भांडण संपल्याची आमच्या घरची खूण अशीच असते, पण माझं संपलं नव्हतं. सकाळी मला वाटलं होतं, हे मला मूर्ख समजतात. आता कळलं की त्यांनी माझ्याबद्दल काही समजूनच घेतलं नव्हतं, फक्त खोकं वापरलं होतं. आणि मला खरी भीती वाटली ती वेगळीच. कारण नाणं उडवायची कल्पना ऐकून माझ्याही पोटात गुदगुल्या झाल्या होत्या. मी विरोधातही बोलू शकले असते. मस्त बोलले असते. ग्रॅहम टेबल बडवत राहिला असता.

मी उभी राहिले. बसून बोललं असतं तरी चाललं असतं, पण हल्ली मला उभं राहायला आवडतं.

“आई, बाबा, ऐका. मी शनिवारी जाणार. एकटी. एमिली नाही, इरावती, फ्रॉम रीडिंग. जे मला वाटतं तेवढंच बोलणार, आणि ज्या विषयावर काही वाटत नसेल त्या शनिवारी झोपणार. ग्वेनला दुसरी बाजू हवी असेल तर तिने शोधावी, ते तिचं काम आहे. आणि बाबा, तुमचं मत सापडलं की जरूर फोन करा, माझ्या विरोधात असलं तरी. पण संजय म्हणून करा. सॅम आला, तर मी लाइव्ह सगळ्यांसमोर त्याला बाबा म्हणणार.”