मनोऱ्यातल्या घंटा

बेकरीवाल्या वाल्बुर्गाने नोट खिडकीच्या काचेला लावली, एक डोळा मिटून पाहिली आणि परत लिओबाच्या हातात ठेवली.

"ही चालायची नाही."

"नगरपालिकेने कालच छापलीय. पाच अब्ज मार्क."

"आकडा काय, कुणीही लिहील. चित्रात चर्चच्या मनोऱ्यात घंटा दिसतायत. आमच्या घंटा लढाईत तोफा ओतायला नेल्या, त्याला सहा वर्षं झाली. हे परक्या कुणाचं तरी काम आहे."

परकी लिओबाच होती. लढाईत नवरा गेल्यावर ती या गावी आली, शाळेत चित्रकला शिकवू लागली. भाव रोज दुप्पट होत होते, बर्लिनहून नोटा पुरेशा येत नव्हत्या. म्हणून गावाने स्वतःच्या नोटा काढल्या आणि चित्राचं काम तिला दिलं. चर्च तिने एका जुन्या फोटोवरून काढलं होतं. तिने हे रांगेसमोर सांगितलं. वाल्बुर्गाने पुढच्या बाईला हाक मारली. पाव न घेताच ती परतली.

दुपारपर्यंत साऱ्या दुकानांनी नोट नाकारली. महापौर एगर्टनी तिला बोलावून घेतलं.

"फोटो कुणी दिला?"

"तुमच्याच कचेरीत होता."

"मान वर करून मनोरा बघावासा वाटला नाही? की हा मला टोमणा? घंटा नेल्या त्या कागदावर सही माझी होती."

"मला ठाऊक नव्हतं."

"असं सगळेच म्हणतात."

नोटा ज्या दगडावरून छापत, त्याच्यावरच्या घंटा तिने त्यांच्यासमोर खरवडून काढल्या. जुन्या नोटा गोळा करून जाळल्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी वाल्बुर्गा लिओबाच्या दारात उभी राहिली. आत येण्याआधी तिने रस्त्याकडे वळून पाहिलं.

"घंटांची एखादी नोट राहिलीय का?"

हिला महापौरांनीच पाठवलं असेल, लिओबाला वाटलं. "सगळ्या जाळल्या. तुम्हालाच नको होती ना?"

"नको होती." वाल्बुर्गाने शालीखालून पाव काढून टेबलावर ठेवला. "मोठी घंटा माझा मुलगा आन्सगर वाजवायचा. ती गेली आणि महिन्याभरात त्याला लढाईवर बोलावणं आलं, तो परतलाच नाही. त्याचा फोटोही नाही माझ्याकडे."

लिओबा बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने दाराला कडी घातली, पडदा ओढला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"दोर कुठल्या हाताने धरायचा तो?"